शेट्यांच्या अकरा शिव्या

त्या मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता कट्ट्यावर एकशे त्र्याण्णव नवे संदेश होते. त्यांतले नऊ वाटांबद्दल, चार पाण्याच्या टाक्यांबद्दल, एक कुणाच्या तरी हरवलेल्या डाव्या बुटाबद्दल आणि एक निरोपाचा. उरलेले एकशे अठ्ठ्याहत्तर एकाच प्रश्नावर होते: फोनवरच्या नकाशात वरच्या बाजूला काय असावं?

शाल्मली पिसाळनं दात घासता घासता ते मोजले. मोजण्याची तिला सवयच होती. साताऱ्यात पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत ती दिवसभर काचेच्या ताटल्यांमधले जिवाणूंचे ठिपके मोजायची. उरलेल्या वेळात, एक पैसाही न घेता, ती कट्टा सांभाळायची.

कट्टा म्हणजे ‘ढोरवाट’ वापरणाऱ्यांची गप्पा मारायची जागा. आणि ढोरवाट म्हणजे सह्याद्रीतल्या पायवाटांचा नकाशा. गुरांच्या वाटेला माणसांची वाट समजून रानात दिवसभर भरकटलेल्या चौघांनी पंधरा वर्षांपूर्वी तो सुरू केला आणि स्वतःच्या फजितीचंच नाव त्याला दिलं. आता २०३८ साली तो एक लाख फोनांवर होता आणि तो ताजा ठेवणारे स्वयंसेवक होते दोनशे बारा. पावसाळ्यात दरडी सरकतात, ओढे पात्र बदलतात, वाटा मोडतात. त्यामुळे दर ऑक्टोबरात घाटवाटा चालून तपासाव्याच लागतात. न तपासलेला नकाशा मुळात नकाशा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

या लोकांना भांडायला विषय एकच पुरत होता. एक पक्ष उत्तरवाल्यांचा: नकाशा हलता कामा नये, वर उत्तर म्हणजे उत्तर. दुसरा समोरवाल्यांचा: माणूस जिकडे तोंड करून चालतोय ते वर, आणि तो वळला की नकाशाही वळला पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही सोयी होत्या. एक बटण दाबलं की काम व्हायचं. वाद होता तो नवा माणूस पहिल्यांदा ढोरवाट उघडेल तेव्हा त्याला कोणता नकाशा दिसावा, एवढ्याचा.

शाल्मलीनं यामागचं विज्ञान वाचून काढलं होतं. मेंदूत दिशा धरून ठेवणाऱ्या पेशी असतात. उंदीर ठरावीक दिशेला तोंड करून उभा राहिला की ठरावीक पेशी जाग्या होतात, हे प्रयोगशाळांनी फार पूर्वीच पाहिलं आहे. पण त्या दिशांवर मनातलं चित्र कसं बेतायचं, यात माणसं वेगळी पडतात. कुणाच्या मनात मुलूख घारीच्या नजरेनं पाहावा तसा अंथरलेला असतो. कुणाच्या मनात तो पावलागणिक डोळ्यांसमोर उलगडत जातो. दोघंही मुक्कामाला पोचतात. दुसरा कसा पोचला, हे मात्र दोघांनाही कळत नाही, आणि न कळल्याचा राग येतो.

निरोपाचा संदेश नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंचा होता. ‘मी इथे वाटा शोधायला आले होते. इथे रोज माझी अक्कल शोधली जाते. निघते.’

चौदा महिन्यांत सोडून जाणाऱ्या त्या एकसष्टाव्या.

आणि बाईंची अक्कल शोधणारे गृहस्थ होते दिगंबर शेटे. वय चौसष्ट, मुक्काम भोर. भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं शेतांची मोजणी केलेला माणूस. हातात काठी, पाठीवर स्वतःचं मोजणीयंत्र, आणि जिभेवर कुणाचीच भीड नाही. ते उत्तरवाल्यांचे सेनापती. समोरवाल्यांकडून लढायचा तौफिक मुलाणी, साताऱ्यात सायकली आणि डोंगरी सामानाचं दुकान चालवणारा, सुट्टीच्या दिवशी लोकांना घाटवाटांनी उतरवणारा, अडतीस वर्षांचा दणकट माणूस.

‘नकाशाला डोकं असतं आणि ते उत्तरेला असतं,’ शेटे लिहायचे. ‘तुझं कुठं आहे ते शोध, टोणग्या.’

‘काका, मी दरीकडे तोंड करून उभा आहे,’ तौफिकचं उत्तर यायचं. ‘तुमची उत्तर माझ्या पाठीमागं आहे. उलटा चालत उतरू का?’

गंमत अशी, की भोर आणि महाड यांच्यामधल्या तेवीस घाटवाटा हे दोघंच तपासायचे. शेटे मोजायचे, तौफिक चालून खात्री करायचा. त्यांच्या हद्दीत सात वर्षांत एकही अपघात झाला नव्हता. शाल्मलीपुढचा पेच सरळ होता. या दोघांची तोंडं अशीच सुटलेली राहिली तर बाकीचे निघून जाणार. तोंडं बंद केली तर हे दोघं निघून जाणार, आणि तेवीस वाटा वाऱ्यावर.

तिनं ‘मध्यस्थ’ लावायचं ठरवलं.

मध्यस्थ हे त्या वर्षी नुकतंच आलेलं सॉफ्टवेअर होतं. लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मधे ते बसायचं. वाचणाऱ्याच्या मनगटी घड्याळातून त्याला नाडीचे ठोके आणि त्वचेचा ओलावा कळायचा. कोणत्या शब्दानं कोणाची नाडी किती चढते, याचा आलेख ते महिनाभरात तयार करायचं. मग आलेलं प्रत्येक वाक्य ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा लिहायचं आणि अपेक्षित चढ पाच टक्क्यांच्या आत आला की तेच वाक्य दाखवायचं. अर्थ बदलू नये म्हणून दुसरा एक तपासनीस बसवलेला होता. तो मूळ वाक्य आणि नवं वाक्य शेजारी ठेवून विचारायचा: कोण, काय, कुठं, केव्हा, किती. पाचही उत्तरं जुळली तरच वाक्य पुढं जायचं. लिहिणाऱ्याला स्वतःच्या फोनवर स्वतःचंच वाक्य दिसायचं. वाचणाऱ्याला मूळ वाक्य दाखवलं जात नसे, कारण दाखवलं तर सगळाच खटाटोप वाया.

प्रत्येकाची संमती घेणं भाग होतं. शेट्यांना तिनं फोन केला.

“म्हणजे मी बोलणार आणि मशीन ते धुऊन, इस्त्री करून पोचवणार?”

“अर्थ तोच राहतो, काका.”

“अर्थ तोच? मग मी इतकी वर्षं जास्तीचे शब्द फुकट घातले म्हण की.”

“तुम्हाला लिहायला काहीच बंधन नाही. वाटेल ते लिहा.”

“मग चालेल,” शेटे म्हणाले. “मला लिहिण्याशी मतलब.”

तौफिकनं दुकानात सायकलची साखळी बसवता बसवता होकार भरला. “लाव, शालू. दुपारी जेवताना काकांचं वाचलं की मला उचकी लागते.”

चार महिन्यांत कट्ट्याची हवा पालटली. एकही माणूस गेला नाही. सदतीस नवे आले, आणि नागपूरच्या डॉक्टरीणबाई एक दिवस ‘सहज डोकावले’ म्हणत परतल्या आणि तिथंच रमल्या. उत्तर-समोर वाद चालूच होता, पण आता तो वाचला तर लग्नात व्याही एकमेकांना आग्रह करताहेत असं वाटायचं. शाल्मली प्रयोगशाळेतून येऊन कट्टा उघडायची, तेव्हा तिथं आवरायला काही नसायचं. तिनं बऱ्याच दिवसांनी एक पुस्तक वाचून संपवलं.

सप्टेंबरात शेट्यांचा फोन आला.

“तौफ्या आजारी आहे का?”

“नाही. का हो?”

“काल मला लिहितो, ‘आपला मुद्दा मोलाचा आहे, त्यावर अवश्य विचार करीन.’ सात वर्षांत त्यानं माझ्या एकाही मुद्द्यावर विचार केला नाही. बायकोशी काही बिनसलंय का त्याचं?”

“काका, ते मध्यस्थ लिहितं. त्यानं काय लिहिलं असेल ते वेगळंच.”

“अस्सं,” शेटे म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, “काय लिहिलं असेल गं त्यानं?”

ती हसली आणि विसरून गेली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता तौफिकचा फोन आला. मागं वारा घोंघावत होता.

“शालू, मी करवंदनाळेच्या घाटवाटेत आहे. चौदा जण आहेत बरोबर. सगळे ठीक आहेत. आधी ते ऐक, सगळे ठीक आहेत.”

“काय झालं?”

“तिसऱ्या वळणानंतर वाट नाहीये. म्हणजे दिसते. गवत आहे छान गुडघाभर. मी पुढं होतो म्हणून काठी टेकली, तर मुठीपर्यंत आत गेली. खाली नुसती पोकळी. माझ्या मागं चार फुटांवर एक पोरगी गाणं म्हणत येत होती.” तो थांबला. “आम्ही परत वर चाललोय. पण मला एक सांग. काका आठ दिवसांपूर्वी इथं येऊन गेलेत, त्यांच्या यंत्राची खूण आहे दगडावर. त्यांनी बघितलं नाही? की बघून सांगितलं नाही?”

“मी विचारते.”

“विचारू नकोस. मीच येतो भोरला. समोरासमोर विचारतो.”

त्याच दिवशी दुपारी साडेतीनला तिघं शेट्यांच्या ओसरीवर बसले होते. शेटेकाकूंनी भाजलेल्या शेंगांची परात मधे ठेवली आणि वातावरण बघून त्या न बोलता आत गेल्या. कुणीच शेंगेला हात लावला नाही.

“तुम्ही सांगितलं का नाही, काका?” तौफिकनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं.

“सांगितलं नाही? अरे, बोंबलून सांगितलं! हे बघ.”

शेट्यांनी फोन पुढं केला. तौफिकनं आपला शेजारी ठेवला. शाल्मलीनं दोन्ही पडदे एकदम पाहिले.

शेट्यांच्या फोनवर होतं: ‘अरे गाढवांनो, शुंभांनो, आंधळ्यांनो! करवंदनाळेत तिसऱ्या वळणापुढं बावीस मीटर वाट गेली! वर गवत, खाली पोकळ! जो बिनडोक नंदीबैल इथं माणसं आणेल त्याच्या सात पिढ्या...’ आणि असंच आणखी चार ओळी.

तौफिकच्या फोनवर होतं: ‘करवंदनाळेत तिसऱ्या वळणापुढं बावीस मीटर भागात वाटेची स्थिती बदललेली दिसते. वर गवत असून खाली माती सैल आहे. माणसं नेणाऱ्यांनी आपल्या सोयीनं नोंद घ्यावी, ही विनंती.’

“हे मी लिहिलं?” शेटे कुजबुजले. “विनंती? मी?”

“मी वाचलं होतं,” तौफिक म्हणाला. “वाचून ‘नंतर बघू’ मधे टाकलं आणि विसरलो. तिथं सेहेचाळीस गोष्टी आहेत. सगळ्या तुमच्याच, काका. सगळ्या अशाच गोड.”

“अरे, पण अकरा शिव्या होत्या त्यात!”

“मला एकही पोचली नाही.”

“अकरा!” शेट्यांनी शाल्मलीकडे बघितलं. “पोरी, अकरा मी कधी दिल्यात का आजवर? एक म्हणजे नाव चुकलंय. तीन-चार म्हणजे पाणी आटलंय, वाट बुजलीय. सात म्हणजे दोर लागेल. अकरा म्हणजे माणूस जाईल! हे काय सांगायला पाहिजे? तौफ्याला विचार.”

“खरं आहे,” तौफिक म्हणाला. “पूर्वी मी संदेश वाचायचो नाही. शिव्या मोजायचो. पाचच्या वर असल्या की दुकानाचं शटर ओढायचो.”

तो उठला. “शालू, तुझ्यावर राग नाही माझा. पण कट्ट्यावरच्या शब्दावर मी आता माणसं नेणार नाही. कुणाच्याच. चार वाटा बघून झाल्यात, उरलेल्या एकोणीस तुम्ही बघा.” आणि शेट्यांना वाकून, नेहमीसारखा एक टोमणाही न मारता, “येतो, काका.”

मोटारसायकल गेल्यावर शेटे बराच वेळ फाटकाकडे बघत बसले. “वाकला,” ते म्हणाले. “कधी वाकत नाही.”

शाल्मलीनं सोमवारी रजा टाकली. शेट्यांच्या परवानगीनं तिनं सात वर्षांतल्या त्यांच्या चारशे बारा इशाऱ्यांची मूळ रूपं काढली आणि प्रत्येकातल्या शिव्या मोजल्या. दुसऱ्या रकान्यात, नंतरच्या तपासणीत जागेवर प्रत्यक्षात किती धोका निघाला ते शून्य ते दहा आकड्यात लिहायचं होतं. आकडा देताना शिव्या दिसू नयेत म्हणून ती यादी तिनं डॉक्टरीणबाईंकडून भरून घेतली. संध्याकाळी दोन्ही रकाने जुळवले. पूर्ण जुळणी म्हणजे एक, अजिबात नाही म्हणजे शून्य. इथं आकडा आला शून्य पूर्णांक त्र्याऐंशी. प्रयोगशाळेत तिच्या साहेबांनी अशा आकड्यावर पेढे वाटले असते.

मग तिनं उत्तराला लागलेला वेळ काढला. मध्यस्थ येण्याआधी, सातपेक्षा जास्त शिव्यांच्या इशाऱ्यावर कुणीतरी हालचाल करायला साधारण पाच तास लागायचे. मध्यस्थ आल्यानंतर नऊ दिवस.

कोण, काय, कुठं, केव्हा, किती. तपासनीसानं पाचही उत्तरं इमानानं जुळवली होती. कितीच्या रकान्यात बावीस मीटर बरोबर होते. किती जीव तोडून सांगितलं, हा रकानाच कुणी आखला नव्हता. आणि तो आखायला हवा, हे कळायला भोरचा एक माणूस ओळखावा लागला असता. तिला तो ओळखीचा होता. तरी तिनं मध्यस्थ लावलं होतं. हे वाक्य तिनं वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

मंगळवारी तिनं सगळे आकडे कट्ट्यावर मांडले आणि मध्यस्थ काढून टाकावं असं सुचवलं. पहिलं उत्तर डॉक्टरीणबाईंचं आलं, आणि ते मध्यस्थानं फारसं बदललं नसावं, कारण त्या मुळातच सभ्य लिहायच्या.

‘आकडे मान्य. पण मला ते शब्द परत नकोत. एकसष्ट जण त्याच शब्दांनी गेले होते, हाही आकडाच आहे. शेटेसाहेबांचा धोक्याचा इशारा कळायला मला त्यांच्याकडून आंधळी म्हणवून घ्यावं लागू नये.’

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिनं शेट्यांना फोन लावून बाईंचा संदेश जसाच्या तसा वाचून दाखवला.

मग शेटे म्हणाले, “बाईंना मी आंधळी म्हटलं होतं?”

“मार्चमध्ये. दोनदा.”

“त्या दोन होत्या ना? दोन म्हणजे किरकोळ. नावात चूक होती टाकीच्या.”

“त्यांना ते कसं कळणार, काका? त्यांच्याकडे तुमची मोजपट्टी नाही.”

“हं. मोजणीला आम्ही जायचो तेव्हा साखळी किती हाताची ते आधी कागदावर लिहायचं असायचं. नाहीतर पुढचे सगळे आकडे रद्दी. माझं ते राहिलंच की.”

“म्हणजे?”

“म्हणजे आधी आकडा लिहितो. किती देणार ते. मग देतो. तुझं मशीन आकडा खात नाही ना?”

शाल्मलीनं फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. आकडा म्हणजे किती. किती म्हणजे पाचवा प्रश्न. तपासनीस मध्यस्थाला त्याला हात लावू देणारच नव्हता.

त्याच दिवशी दुपारी शेट्यांचा नवा इशारा आला. डॉक्टरीणबाईंच्या फोनवर तो असा उमटला: ‘अकरा. करवंदनाळ बंद ठेवावी. तिसऱ्या वळणापुढं वाट शिल्लक नाही.’ ज्यांना मूळ हवं होतं त्यांच्यासाठी तिनं खाली एक बटण ठेवलं. रात्रीपर्यंत ते बटण नव्वद जणांनी दाबलं. बाईंनी दाबलं नाही, पण उत्तर पाठवलं: ‘अकरा पोचले. धन्यवाद.’

तौफिककडून मात्र काही आलं नाही. एकोणीस वाटा तशाच होत्या आणि दिवाळीच्या सुट्टीला दोन आठवडे उरले होते.

शाल्मली दुकानात गेली. तौफिक चाक फिरवून त्यातला बाक बघत होता.

“वाचलं मी,” तो म्हणाला. “आकडा चांगला आहे. पण मला काकांचा आवाज ऐकू यायचा त्यातून. चार महिने तो आला नाही, आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही. उलट बरं वाटलं. याचा राग आहे मला. तुझ्यावर नाही, माझ्यावर.”

“मग कट्ट्यावरचं राहू दे. माझ्यासाठी एक प्रयोग कर,” ती म्हणाली. “सात वर्षं तुम्ही दोघं एकमेकांच्या नकाशाला नावं ठेवताय. दुसऱ्याचा नकाशा घेऊन एक तरी वाट उतरलायत का कधी?”

“मी? उत्तर वर ठेवून? दरीत जाईन.”

“तेच मोजायचंय. कट्ट्यावर नियम करतेय. ज्याला पहिला नकाशा कोणता असावा यावर बोलायचंय, त्यानं आधी विरुद्ध पक्षाच्या नकाशावर एक वाट चालायची आणि नोंद टाकायची. सुरुवात तुम्ही दोघांनी करायची. पिंपळघोळची वाट, सहा पूर्णांक चार किलोमीटर. तुझ्या एकोणिसातलीच आहे.”

“काका तयार झाले?”

“त्यांनी विचारलं, तौफ्या घाबरला का.”

तौफिकनं चाक थांबवलं. “असं म्हणाले?”

“मध्यस्थाशिवाय. माझ्या कानांनी ऐकलंय.”

“रविवारी,” तौफिक म्हणाला.

अटी तिनं लेखी दिल्या. शेट्यांच्या फोनवर फिरता नकाशा, तौफिकच्या फोनवर स्थिर. बटण कुलूपबंद. एकमेकांचं बघून चालता येऊ नये म्हणून शेट्यांनी सातला निघायचं, तौफिकनं सव्वासातला. वाटेत बोलायचं नाही. ती स्वतः खाली, वाट उतरते तिथल्या दहिवडच्या चहाच्या टपरीवर थांबली, समोर वही उघडून.

दहा वाजून वीस मिनिटांनी शेटे काठी टेकत वळणावर दिसले. पायजम्याला कुसळं, चेहरा लालबुंद.

“फालतू नकाशा,” ते बाकावर बसत म्हणाले. “मी वळलो की तोही वळतो. माझी चूक धरायची सोडून माझ्या हो ला हो करतो.”

“तौफिकदादा?”

“मला काय ठाऊक? मी मागं वळूनही बघितलं नाही.”

सहा मिनिटांनी तौफिक आला. शर्टाची एक बाही फाटली होती.

“काय, शेटेसाहेब, आधीच पोचलात?” त्यानं फारच मोठ्यानं विचारलं. “वाटेत कुठं दिसला नाहीत.”

“दिसणार कसा? तू त्या कातळापाशी डावीकडे घुसलास, टोणग्या, तेव्हाच मी...” शेटे थांबले आणि चहाच्या कपात बघू लागले.

“मी डावीकडे घुसलो ते तुम्हीच—” तौफिकही थांबला. “दोन वडापाव द्या हो मामा. काकांना तिखट कमी.”

“तिखट कमी कुणाला? उरलेल्या अठरा वाटा कोण बघणार, तुझा नकाशा?”

“बुधवारी येतो भोरला. काठी तयार ठेवा.”

“साडेसहाला. एक मिनिट उशीर केलास तर सहा देईन.”

“सहा म्हणजे दोर लागेल का?”

“सहा म्हणजे उशीर झालाय, गाढवा.”

ते दोघं वडापाववर आणि एकमेकांवर तुटून पडले. शाल्मलीनं त्यांचे फोन जोडून नोंदी उतरवून घेतल्या आणि दुपारी, ठरल्याप्रमाणे, कट्ट्यावर टाकल्या:

‘वाट: पिंपळघोळ. लांबी सहा पूर्णांक चार किलोमीटर. शेटे, फिरता नकाशा, चुकलेली वळणं तीन. मुलाणी, स्थिर नकाशा, चुकलेली वळणं तीन. तिन्ही जागा दोघांच्या त्याच. शेटे सात वाजता निघाले. सुरुवातीपासून दोनशे दहा मीटरवर, सात वाजून चार मिनिटांनी थांबले. सात वाजून एकोणीस मिनिटांनी पुढं निघाले. मुलाणी सव्वासातला निघाले. सात वाजून एकोणीस ते दहा वाजून एकोणीस, एकूण एकशे ऐंशी मिनिटं, दोन फोनमधलं सरासरी अंतर दोन पूर्णांक एक मीटर. नोंदीतली संभाव्य चूक अर्धा मीटर.’